तीस वॅटचा आवाज

गेल्या श्रावणापर्यंत आमच्या घरात दोन ॲम्प्लिफायर होते, आणि त्यांचे एकमेकांशी पटत नव्हते. यंत्रांना भांडता येत नाही हे मलाही कळते. भांडत होते ते त्यांचे मालक. एकाचे मालक आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, वय वर्षे ऐंशी. दुसऱ्याचा मालक माझा पुतण्या, वय वर्षे तेवीस. मधल्या पिढीतला मी शाळेत मराठी शिकवतो, सुट्टीत कादंबऱ्या लिहितो, आणि विज्ञानाशी माझा संबंध शालान्त परीक्षेच्या शेवटच्या पेपराबरोबर संपला. अशा माणसाला दोन्ही पक्ष मोठ्या आनंदाने पंच नेमतात. त्याला काही कळत नाही, म्हणून तो निःपक्षपाती असणार, अशी समजूत असते!

खरवई हे नाव आमच्या भागाबाहेरच्या वाचकांनी ऐकले असण्याचा संभव कमी. कल्याणहून कर्जतच्या गाडीत बसावे, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ मागे टाकून बदलापूरला उतरावे आणि पूर्वेची वाट धरावी. एके काळी इथे भातखाचरे होती. आज औद्योगिक वसाहत आहे, इमारती आहेत, आणि दोन इमारतींच्या फटीतून आकाश स्वच्छ असेल त्या दिवशी चंदेरीचा सुळका अजून दिसतो. गाव कुळगाव-बदलापूर नगरपालिकेत गेले, पण बोलताना आम्ही अजून 'गावात जाऊन येतो' असेच म्हणतो.

या गावाला आवाज दिला तो अण्णांनी. दिवसा ते अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळीवर असत आणि उरलेल्या वेळात लग्न, पूजा, भजन, गणपती, कुणाची पंचाहत्तरी, अशा कार्याला स्पीकर लावीत. लग्नापूर्वीच त्यांनी कल्याणच्या एका स्पीकरवाल्याकडून एक जुना ॲम्प्लिफायर विकत घेतला होता. जाड पत्र्याची पेटी, वर जाळी आणि जाळीआड काचेचे सहा व्हॉल्व. अण्णा त्यांना 'बत्त्या' म्हणत. त्यांतल्या दोन मोठ्या बत्त्या ईएल ३४ जातीच्या. त्या जोडीच्या बळावर ती पेटी तीस वॅट आवाज काढी. पेटी उचलायला दोन माणसे लागत, कारण आत दोन लोखंडी ट्रान्स्फॉर्मर. बटण दाबले की लगेच काही होत नसे. अर्धा मिनिट जाई, जाळीतून नारिंगी उजेड दिसू लागे, तापलेल्या धुळीचा वास येई आणि मग दोन्ही कर्ण्यांतून एक बारीकशी गुणगुण सुरू होई. तोवर माइकपुढे उभे राहून 'हॅलो हॅलो' करणाऱ्या उत्साही मंडळींना अण्णा सांगत, "दम धरा, बत्त्या तापू द्यात!" माझ्या लहानपणी मला वाटे, की मोठ्या माणसांनी बोलण्यापूर्वी असेच अर्धा मिनिट थांबायचे असते.

पंच नेमल्यावर मला थोडा अभ्यास करणे भाग पडले. त्यातून कळलेली पहिली गोष्ट अशी, की ॲम्प्लिफायर आवाज मोठा करतो हे काही खरे नव्हे. आमच्याजवळच्या बारवी धरणाचे उदाहरण घ्या. दार फिरवणाऱ्या माणसाच्या मनगटात फार बळ नसते, पण त्याच्या हालचालीप्रमाणे पाण्याचा लोंढा कमीजास्त होतो. ॲम्प्लिफायरमध्ये माइककडून आलेली अगदी दुबळी वीज म्हणजे ते मनगट आणि भिंतीतल्या पिनेतून आलेली वीज म्हणजे धरणाचे पाणी. दुबळी वीज सबळ विजेला आपला आकार देते, एवढेच. गायकाचा आवाज असतो तेवढाच राहतो; कर्ण्यातून ऐकू येते ती त्या आवाजाच्या साच्यातून निघालेली, बारवीच्या नव्हे, पण महावितरणची ताकद!

हे दार पहिल्यांदा काचेच्या दिव्यात बसवले गेले. १९०४ साली फ्लेमिंगने दोन टोकांचा व्हॉल्व केला आणि १९०६ साली अमेरिकेतल्या ली द फॉरेस्टने त्या दोन टोकांच्या मध्ये तिसरे टोक घातले. निर्वात काचेत एक तापलेली नळी, तिच्यातून सुटणारे विद्युत्कण, समोर त्यांना ओढून घेणारा पत्रा आणि मध्ये तारेची बारीक जाळी. त्या जाळीवर किंचित दाब बदलला की कणांचा प्रवाह पुष्कळ बदलतो. दुसरी मोठी कल्पना १९२७ सालची. हॅरल्ड ब्लॅक नावाचा एक तरुण इंजिनियर २ ऑगस्टच्या सकाळी हडसन नदीतून होडीने कामावर जात असता त्याला ती सुचली आणि जवळ कोरा कागद नव्हता म्हणून त्याने ती हातातल्या वर्तमानपत्रावरच टिपून घेतली. बाहेर पडलेल्या आवाजाचा थोडा अंश मागे आणायचा, मूळ आवाजाशी ताडून पाहायचा आणि जी काही वाकडी भर पडली असेल ती वजा करायची. आम्ही मास्तर लोक मुलांच्या वह्या तपासताना हेच करतो. फरक एवढाच, की आमच्या तपासणीने चुका कमी होतातच असे नाही.

या काचेच्या दिव्यांचे मराठी माणसावर उपकार आहेत. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत, एकूण ५६ गीते. त्या वेळी आपल्याकडे घरोघरी जे रेडिओ होते ते व्हॉल्वचे. म्हणजे त्या गीतांनी महाराष्ट्राच्या घराघरांत जो प्रवेश केला तो तापलेल्या तारांच्या नारिंगी उजेडातून. पुढे १९६१ पासून बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेडिओचे व्हॉल्व देशातच बनू लागले. पण तोवर त्यांचा वैरी जन्माला येऊन चांगला मोठा झाला होता. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर तयार झाला. त्याला तापवावे लागत नाही, काच फुटायची भीती नाही, जागा तर वाटाण्याएवढी. आपल्याकडे ट्रान्झिस्टर हे त्या सुट्या भागाचे नाव न राहता अख्ख्या खिशातल्या रेडिओचेच नाव होऊन बसले, यावरून त्याने किती मुलूख जिंकला ते कळते.

माझ्या पुतण्याचे यंत्र या वंशातले, पण फार पुढच्या पिढीचे. वजन अण्णांच्या पेटीच्या निम्मे आणि ताकद दोन हजार वॅट. त्याची रीत मला प्रथम खरी वाटेना. ते विजेचे दार अर्धवट उघडत नाहीच. सताड उघडते नाहीतर गच्च बंद होते आणि हे सेकंदाला काही लाख वेळा. उघडे किती वेळ आणि बंद किती वेळ, या प्रमाणातून आवाजाचा आकार तयार होतो. शेवटी एक वेटोळे आणि एक कंडेन्सर त्या धडपडीतला खडबडीतपणा पुसून टाकतात. हल्ली घरातले दिवे मंद करतात तेही पुष्कळदा असेच. दिवा फार वेगाने चालू-बंद होतो, पण डोळ्यांना नुसता मंद झालेला दिसतो. दार अर्धवट उघडे राहिले की तिथे विजेची उष्णता होते. इथे ते अर्धवट राहतच नाही, म्हणून घेतलेल्या विजेतली शेकडा नव्वदच्या आसपास वीज स्पीकरला पोचते. अण्णांची पेटी गप्प बसली असतानाही जवळजवळ शंभराच्या दिव्याइतकी वीज खाई. "पेन्शनरसारखी," पुतण्या म्हणे. यावर अण्णा, "पेन्शनर बसून खातो, कारण आधी उभं राहून कमावलेलं असतं," असे उत्तर देत.

भांडणाचा मुद्दा मात्र विजेच्या बिलाचा नव्हता. अण्णांचे म्हणणे, की नव्या यंत्राच्या आवाजाला माया नाही. पुतण्याचे म्हणणे, की माया हे मोजायचे माप दाखवा. असे म्हणणारे अण्णा एकटे नाहीत. जगभर पुष्कळ रसिक आजही व्हॉल्वचे ॲम्प्लिफायर हौसेने घेतात. रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन या देशांत त्यासाठी व्हॉल्व अजून बनतात. त्यांच्या बाजूने सांगण्यासारखे काही आहेच. मिरजेच्या कारागिराने केलेला तंबोरा छेडला की नुसता षड्ज ऐकू येत नाही. दुप्पट कंपनांचा वरचा षड्ज, तिप्पट कंपनांचा त्यावरचा पंचम आणि तार चांगली लागली असेल तर पाचपट कंपनांचा गंधारही त्यात डोकावतो. एकटा व्हॉल्व जेव्हा आवाज वाढवतो, तेव्हा तो स्वतःची जी भर घालतो ती मुख्यतः दुपटीची, म्हणजे वरच्या षड्जाची. कानाला ती चूक वाटतच नाही. कुणी मागे तंबोऱ्यावर बसले आहे असे वाटते. पण पुतण्याने लगेच दाखवून दिले, की अण्णांच्या पेटीत मोठ्या बत्त्या दोन आहेत. एक ओढते तेव्हा दुसरी ढकलते, आणि या जोडकामात ती दुपटीची भर बरीचशी आपसात कापली जाते. तेव्हा तंबोऱ्याचा दाखला आमच्या घरी अर्धाच लागू पडला.

दुसरा दाखला जास्त भक्कम होता. यंत्राकडून त्याच्या ताकदीबाहेर काम मागितले तर काय होते? व्हॉल्वच्या आवाजाची लाट माथ्यावर गोलाईने वाकते. थकलेल्या गवयाचा आवाज जरा घोगरा व्हावा तसे. ट्रान्झिस्टर ती लाट कोयत्याने उसाचे वाढे छाटावे तशी सपाट छाटतो आणि कान किटतात. पण हे ताकदीबाहेर गेल्यावर. दोन हजार वॅटच्या यंत्राला ताकदीबाहेर नेणार कोण?

आणि नेमके इथेच ते भांडण थट्टेचे राहिले नाही. गेल्या वैशाखात आमच्या पलीकडच्या आळीत हळद होती. आमच्या पट्ट्यात हळदीची रात्र लग्नाच्या दिवसाहून मोठी. पुतण्याचे खोके लागले होते, पोरे नाचत होती. तीन घरे सोडून एक बाळंतीण होती; मूल पंधरा दिवसांचे. मुलाचा बाप येऊन पुतण्याच्या शेजारी हात जोडून उभा राहिला. काही बोललाही असेल, पण त्याचे बोलणे ऐकू जाणे शक्य नव्हते. शेवटी त्याने खांद्याला हात लावला तेव्हा पुतण्याने मागे वळून पाहिले आणि आवाज उतरवला. पोर वाईट नाही आमचे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी तो अण्णांना म्हणाला, "अण्णा, खरं सांगतो, आवाज जरासुद्धा फाटत नव्हता. म्हणून मला वाटलंच नाही की एवढा मोठा असेल."

अण्णांनी बशी खाली ठेवली. "फाटत नव्हता ना? मग तुला कळणार कसं?"

या एका वाक्यावर मी पुढे बरेच दिवस विचार करत होतो. आपला कान आवाज मोठा झाला हे केवळ मोठेपणावरून ओळखत नाही, तो चिरकू लागला यावरूनही ओळखतो. अण्णांच्या पेटीला तिसाच्या पुढे नेले की ती आपणहून घोगरी होई आणि माइकवरचा माणूस आपणहून मागे सरके. नवे यंत्र शेवटच्या वॅटपर्यंत स्वच्छ राहते. ते कधी 'पुरे' म्हणत नाही. शिवाय अण्णांच्या कर्ण्यांना खर्ज जवळपास नव्हताच. भाषण आणि गाणे दूर नेणे एवढेच त्यांचे काम. नव्या खोक्यांची बहुतेक ताकद खर्जात जाते, आणि खर्ज असा, की खिडकी लावली, दार लावले, तरी तो भिंतीतून आत येऊन ताटवाट्या हलवतो. बाळंतिणीच्या खोलीत गाण्याचे शब्द पोचले नव्हते; पोचला होता तो नुसता ठोका.

हिशेबही पाहा. दोन हजार वॅट म्हणजे तिसाच्या सहासष्टपटीहून जास्त. पण कानाला ते सहासष्टपट मोठे लागत नाही. वीज दहापट केली तर कान म्हणतो, 'दुप्पट झाले.' म्हणजे एवढी सगळी वीज ओतून कानाला मिळते ते साधारण साडेतीनपट. त्या साडेतीनपटीची किंमत मात्र कान पुरी मोजतो. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसावा, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करावा, असा एक जाणता दंडक आहे. त्या हिशेबाने १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटे. हळद काही पंधरा मिनिटांत लागत नाही. सरकारचे २००० सालचे नियम तर वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलच ठेवतात आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. हे सगळे आकडे पुतण्याला पाठ होते. पाठ असणे आणि कानाला कळणे यांत अंतर असते, हे मास्तराला कुणी सांगायला नको.

त्यातच डोंबिवलीचे एक निवृत्त गृहस्थ अण्णांची पेटी विकत मागायला आले. नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्यांचा त्यांना नाद. किंमत अशी सांगितली, की पुतण्याच्या यंत्राचे राहिलेले हप्ते एका दमात फिटावेत. घरात शांतता पसरली. पुतण्या मागत नव्हता, पण त्याच्या डोळ्यांत हप्ते दिसत होते. अण्णा नाही म्हणत नव्हते, पण पेटीवरची धूळ पुसायला त्यांनी त्याच दिवशी सुरुवात केली. शेवटी पुतण्याच म्हणाला, "अण्णा, पारख करू. डोळ्यांनी नाही, कानांनी. तुम्हाला तुमची ओळखता आली, तर मी विकायचा विषय काढणार नाही."

एका रविवारी माजघरात पडदा बांधला. पडद्यामागे दोन्ही यंत्रे, पडद्यापुढे एकच लाकडी स्पीकर. अशा पारखेत एक गोम असते, ती मला त्या दिवशी कळली. ज्याचा आवाज रतीभर मोठा, तोच कानाला गोड लागतो. म्हणून पुतण्याने आधी एकच सूर दोन्ही यंत्रांतून सोडून मोबाइलवरच्या मापाने दोघांचा आवाज बरोबर सारखा केला. अण्णांच्या यंत्राला स्पीकरवाचून रिकामे चालू ठेवू नये, त्याचा ट्रान्स्फॉर्मर जळण्याची भीती असते. म्हणून त्याची पाळी नसताना स्पीकरच्या जागी एक जाड रोध जोडायचा, हेही त्याने लक्षात ठेवले. अण्णांच्या नजरेतून ते सुटले नाही. त्यांनी नुसती मान हलवली. पेटीची गुणगुण ऐकू येऊन चोरी पकडली जाऊ नये म्हणून पंखा चालू ठेवला. मग फडक्यांच्या आवाजातली गीतरामायणातली गाणी. एकेक तुकडा दहा वेळा, कोणते यंत्र ते नाणे उडवून ठरवायचे.

वहिनींनी दहांपैकी चार ओळखले आणि "मला कुकर लावायचाय" म्हणून त्या उठल्या. मी पाच ओळखले, म्हणजे नाणे उडवून सांगितले असते तरी तेवढेच आले असते. अण्णा डोळे मिटून बसले. प्रत्येक वेळी ते क्षणभर ऐकत आणि ठामपणे सांगत, "हे आपलं" किंवा "हे तुझं". दहा झाल्यावर पुतण्याने पडदा सारला. हातात कागद होता, पण तो वाचेना. मी कागद घेतला. अण्णांचे दहांपैकी एक बरोबर होते. नऊ वेळा त्यांनी नव्या यंत्राला 'आपलं' म्हटले होते किंवा जुन्याला 'तुझं'.

मी काहीतरी समजुतीचे बोलणार, तोच पुतण्या म्हणाला, "काका, थांबा. हे नापास होणं नाही. ओळखता येत नसतं तर पाच-सहा बरोबर आले असते. अण्णांना फरक आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त ऐकू येतोय. फक्त नाव उलटं लागतंय." मग तो अण्णांपाशी खाली बसला. "अण्णा, तुमच्या मनात पेटीचा आवाज आहे तो पन्नास वर्षांपूर्वीचा. तेव्हा ती अशीच स्वच्छ वाजत असणार. आता तिचे कंडेन्सर सुकलेत, बत्त्या थकल्यात. तुम्ही बरोबर ओळखलंत. तुमची पेटी अशीच वाजायची."

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. कारखान्यातून थेट कार्याला जाऊन रात्र रात्र जागलेला तो माणूस. त्याच्या कानांत ती पेटी तरणीच राहिली होती. समोरची पेटी त्यांच्याबरोबर म्हातारी झाली, हे रोज तिच्या शेजारी राहून त्यांना कळले नव्हते. मग त्यांनी विचारले, "बरी होईल?"

पुतण्या लॅमिंग्टन रोडला जाऊन कंडेन्सर घेऊन आला, बत्त्यांची नवी जोडी मागवली. पेटी उघडायच्या आधी अण्णांनी त्याला दहा मिनिटे बसवून ठेवले. पिन काढली तरी आतल्या कंडेन्सरांत चारशे व्होल्ट दबा धरून असतात, ते आधी उतरवावे लागतात. "आणि डावा हात खिशात," अण्णा म्हणाले. "एकाच हाताने काम. दोन्ही हात आत गेले तर झटका छातीतून जातो." दोन हजार वॅटच्या मालकाने निमूटपणे हात खिशात घातला. चार संध्याकाळी आजोबा आणि नातू त्या पेटीवर वाकून बसले होते. आजोबा सांगत होते, नातू डाग देत होता. एवढा वेळ ते दोघे भांडण न करता एका जागी बसल्याचे मी तरी पूर्वी पाहिले नव्हते.

दुरुस्तीनंतर पुन्हा पडदा बांधला. या खेपेला अण्णांचे दहांपैकी पाच आले. त्यांनी स्वतःच हात वर केले, "आता नाही सांगता येत बुवा." आणि ते हसले. मला वाटते, त्या पाचांनी त्यांना जेवढा आनंद झाला तेवढा दहांनी झाला नसता. त्यांची पेटी बरी झाली होती. नव्याच्या बरोबरीने, खांद्याला खांदा लावून वाजत होती.

"मग फरक राहिला कुठं?" त्यांनी विचारले.

"घरात नाहीच अण्णा," पुतण्या म्हणाला. "फरक वर आहे. तुमची तिसाला थांबते. माझं थांबत नाही."

"मग तू थांब."

खरे तर भांडण इथे संपले. पुढे गंमत झाली ती अशी, की बरी झालेली पेटी विकायला आता पुतण्याच तयार होईना आणि ती देऊन टाकायचा आग्रह अण्णा धरू लागले. "आपल्याकडं ती कपाटावर बसणार. त्यांच्याकडं रोज गाणार. गाणाऱ्याला गाऊ द्यावं." श्रावणात डोंबिवलीचे गृहस्थ गाडी घेऊन आले. पेटी उचलायला दोन माणसे लागली. आलेल्या पैशांतून हप्ते फिटले. पण त्याआधी अण्णांनी एक अट घातली. नव्या यंत्राला आवाजाची सीमा बांधून देण्याची सोय असते. एकदा आकडा ठरवून कुलूप घातले की मग कुणी कितीही बटण फिरवो, ते त्यापुढे जात नाही. ती सीमा बांधायची आणि कुलपाचा चार अंकी आकडा वहिनींनी ठेवायचा. पुतण्या म्हणाला, "गिऱ्हाईक तुटेल." अण्णा म्हणाले, "एखादं तुटेल." एक तुटलेही. गणपतीत एका मंडळाने दुसरा माणूस पाहिला. आणि एका सोसायटीने मुद्दाम पुतण्याला बोलावले, कारण तिथे दोन आजारी माणसे होती. हिशेब अजून बरोबरीत आलेला नाही, हे मला कबूल केले पाहिजे. हप्ते नाहीत म्हणून निभावते. पुढच्या लगीनसराईत काय होईल ते सांगता येत नाही, आणि वहिनींकडे तो आकडा मागायला पुतण्या एकदा जाऊन आला, हेही मला माहीत आहे. वहिनींनी त्याला पोळी वाढली, आकडा दिला नाही.

जुने चांगले की नवे, हा प्रश्न दिवाळीच्या फराळाबरोबर घरोघरी निघतो आणि चकल्या संपेपर्यंत पुरतो. जुन्या गोष्टींना आपण ज्यासाठी चांगले म्हणतो, ते पुष्कळदा त्यांचे गुण नसतातच. ती त्यांची अडचण असते. तीस वॅटची पेटी सभ्य होती, कारण तिला असभ्य होण्याची ऐपत नव्हती. तिच्या अडचणीने गावाची झोप राखली आणि श्रेय मिळाले गावाच्या चालीरीतींना. आता यंत्राची अडचण सरली आहे. विज्ञानाने ती मोठ्या कष्टाने आणि बुद्धीने दूर केली, ते चांगलेच केले. दुरून भजन ऐकणाऱ्या म्हाताऱ्याला आता प्रत्येक शब्द स्वच्छ कळतो. पण जे काम पूर्वी बत्त्या करीत होत्या ते आता माणसाने करायचे आहे, आणि त्याला आतून कुणी घोगरे होऊन सुचवत नाही. त्याला आपणहून उठून, तीन घरे पलीकडे जाऊन, तिथे उभे राहून ऐकावे लागते.

पुतण्या हल्ली तसे करतो. कार्य सुरू झाले की खोके लावून तो आधी शेवटच्या घरापर्यंत चालत जातो. परवा मीही त्याच्याबरोबर गेलो होतो. शेवटच्या घराच्या ओट्यावर एक आजी वाती वळत बसल्या होत्या. पुतण्याने विचारले, "आजी, आवाज जास्त होतोय का?" त्यांनी कानावर हात नेला आणि म्हणाल्या, "काय म्हणालास?" पुतण्या परत फिरला आणि आवाज आणखी थोडा उतरवून आला.